ताळा जुळत नाही तेव्हा

नायट्रोजन मिळवायचे दोन सरळ मार्ग आहेत. एक, हवा घ्यायची आणि तिच्यातला ऑक्सिजन, बाष्प, कार्बन डायऑक्साइड काढून टाकायचा. उरेल तो नायट्रोजन. दुसरा, अमोनियासारख्या रसायनातून तो मोकळा करून घ्यायचा. इंग्लंडमधले भौतिकशास्त्रज्ञ लॉर्ड रॅले १८९२च्या सुमारास वायूंची वजनं फार काळजीपूर्वक करत होते. काचेचा एकच गोळा, तेच तापमान, तोच दाब. तरी त्यात हवेतला नायट्रोजन भरला की वजन भरायचं २.३१० ग्रॅम आणि रसायनातला भरला की २.२९९ ग्रॅम. फरक अकरा मिलिग्रॅमचा. दोन्हींची सरासरी काढून मोकळं होणं सहज शक्य होतं.

रॅले यांनी तसं केलं नाही. त्यांनी 'नेचर' नियतकालिकात पत्र लिहून रसायनशास्त्रज्ञांना जाहीरपणे विचारलं, की हे काय असावं? त्याहून महत्त्वाचं म्हणजे हा फरक वाढवता येतो का, हे त्यांनी तपासलं. सुरुवातीला तो हजारात एक एवढाच होता, कारण रसायनातून नायट्रोजन काढताना ते थोडी हवाही वापरत होते. हवेऐवजी शुद्ध ऑक्सिजन वापरल्यावर तोच फरक दोनशेत एक झाला. म्हणजे पाणी मुरत होतं ते हवेतच. विल्यम रॅमसे यांच्या साथीने त्यांनी छडा लावला आणि १८९४मध्ये आरगॉन सापडला. सहसा कशाशीच संयोग न पावणारा हा वायू हवेचा जवळजवळ एक टक्का भाग व्यापून आहे. आपण सगळे तो प्रत्येक श्वासात घेत होतो आणि त्याचा पत्ता कुणालाच नव्हता. खरं तर १७८५मध्ये हेन्री कॅव्हेंडिश यांच्या प्रयोगात असा एक चिवट बुडबुडा शिल्लक राहिला होता आणि त्यांनी प्रामाणिकपणे तशी नोंदही केली होती. पण ताळा करून पाहायला तेव्हा दुसरं मोजमाप नव्हतं.

गणित सोडवल्यावर आपण ताळा करतो, म्हणजे दुसऱ्या वाटेने जाऊन तेच उत्तर येतं का ते पाहतो. विज्ञानातले आजचे सर्वांत जिवंत संशोधनप्रश्न मला या ताळ्याच्या जागी दिसतात. 'विश्वाचं रहस्य काय' असे भव्य प्रश्न ऐकायला छान वाटतात, पण त्यांच्यावर उद्या सकाळी प्रयोगशाळेत जाऊन काय करायचं ते कळत नाही. 'या दोन आकड्यांत फरक का पडतो' या प्रश्नावर मात्र लगेच कामाला लागता येतं.

पुढे जाण्याआधी चुकीचे दोन प्रकार वेगळे करून ठेवू. एकच टेबल दहा वेळा मोजलं तर दहा वाचनं थोडी इकडे, थोडी तिकडे येतात. ही विखुरलेली चूक. वाचनं वाढवत गेलं की ती कमी होत जाते, कारण जास्त आणि कमी एकमेकांना छेद देतात. पण मोजपट्टीच मुळात आखूड असेल, तर हजार वेळा मोजलं तरी उत्तर एकाच बाजूला चुकणार. दुसरी चूक घातक, कारण मोजणाऱ्याला ती आतून दिसत नाही. त्याचे सगळे आकडे आपसात छान जुळतात आणि त्यामुळे त्याचा विश्वास वाढतच जातो. ती पकडायची असेल तर वेगळ्या बनावटीची मोजपट्टी लागते. मग दोन पट्ट्यांची उत्तरं जुळली नाहीत, तर एक पट्टी चुकीची असते, किंवा दोन्ही बरोबर असतात आणि आपण ज्याला एकच वस्तू समजत होतो ती तशी नसते. रॅले यांच्या बाबतीत दुसरी गोष्ट खरी निघाली.

आजची सर्वांत मोठी न जुळणारी बेरीज विश्वाच्या प्रसरणाची आहे. दीर्घिका एकमेकींपासून दूर चालल्या आहेत, आणि जी जितकी लांब तितकी ती वेगाने दूर जाते. अंतर आणि वेग यांचं हे गुणोत्तर म्हणजे हबल स्थिरांक. तो मोजायची एक रीत जवळून सुरू होते. सेफीड नावाचे तारे ठरावीक तालात उजळतात आणि मंदावतात. हेन्रिएटा लेव्हिट यांनी १९१२मध्ये दाखवलं, की हा ताल जितका संथ तितका तारा मुळात अधिक तेजस्वी. मुळातलं तेज कळलं आणि तारा किती मंद दिसतो ते मोजलं, की अंतर निघतं. सेफीडवरून जवळच्या दीर्घिकांचं अंतर, त्या दीर्घिकांत फुटलेल्या विशिष्ट प्रकारच्या अतिनवताऱ्यांवरून त्यांचं खरं तेज, आणि तसेच अतिनवतारे दूरवर दिसले की तिथलं अंतर, अशी ही पायरीपायरीची शिडी आहे. ॲडम रीस यांच्या गटाने या शिडीने २०२२मध्ये काढलेला आकडा ७३.०४ आहे. याचा अर्थ असा, की सुमारे ३२.६ लाख प्रकाशवर्षं दूर असलेली दीर्घिका दर सेकंदाला ७३ किलोमीटर वेगाने लांब जाते, आणि तिच्या दुप्पट अंतरावरची दुप्पट वेगाने.

दुसरी रीत थेट उलट टोकाकडून येते. विश्व सुमारे ३ लाख ८० हजार वर्षांचं असताना त्यातून सुटलेला प्रकाश आजही सगळ्या दिशांनी सूक्ष्मलहरींच्या रूपात येतो. त्याआधी विश्व म्हणजे तापलेल्या कणांचा रस्सा होता आणि त्यात ध्वनीसारख्या लाटा फिरत होत्या. प्रकाश सुटला त्या क्षणी लाट जेवढं अंतर कापू शकली होती, तेवढ्या मापाचे ठिपके त्या प्रकाशात उमटले आहेत. ते माप सिद्धांतावरून काढता येतं. आकाशात ते किती कोनाचं दिसतं हे मोजलं की मधल्या काळात विश्व कसं पसरत आलं याचा हिशोब लागतो. युरोपच्या प्लांक उपग्रहाच्या निरीक्षणांवरून असा आलेला आकडा ६७.४ आहे.

७३ आणि ६७. बाहेरून पाहणाऱ्याला वाटेल, एवढा फरक चालायचाच. १९७० आणि ८०च्या दशकात तर एक गट ५० म्हणत होता आणि दुसरा १००. पण तेव्हा मोजमापंच ढोबळ होती. आता पहिल्या आकड्याला साधारण १ ची आणि दुसऱ्याला अर्ध्याची अनिश्चितता आहे. दोन्हींच्या मर्यादा इतक्या आखडल्या आहेत, की मधली दरी योगायोगावर ढकलता येत नाही.

तेव्हा संशय घ्यायचा कुणावर? शिडीवर पहिला संशय असा होता, की दूरच्या दीर्घिकांत तारे इतके दाटीने असतात, की सेफीडच्या प्रकाशात शेजाऱ्यांचा प्रकाश मिसळून तो खोटाच तेजस्वी भासत असेल. जेम्स वेब या अवकाश दुर्बिणीची नजर आधीच्या हबल दुर्बिणीपेक्षा कितीतरी तीक्ष्ण. तिने तेच सेफीड पुन्हा पाहिले आणि हबलची अंतरं बरोबर ठरली. म्हणजे निदान या एका आरोपातून शिडी सुटली. पण वेंडी फ्रीडमन यांच्या गटाने सेफीडना बाजूला ठेवून लाल राक्षसी ताऱ्यांसारख्या इतर ताऱ्यांवरून शिडी उभारली, तर त्यांचा आकडा ७०च्या आसपास येतो आणि दोन्हीकडच्यांना थोडा थोडा आधार देतो. दुसऱ्या बाजूने सिद्धांतावर संशय घेणारे म्हणतात, की विश्वाच्या बालपणात आपल्याला माहीत नसलेली काही ऊर्जा थोडा काळ असेल, तर प्रसरण तेव्हा जास्त वेगाने झालं असेल, लाटांना फिरायला वेळ कमी मिळाला असेल आणि ठिपक्यांचं खरं माप आपण धरतो त्याहून लहान असेल. माप लहान धरलं की आजचा वेग वाढतो आणि ६७चा आकडा ७३च्या दिशेने सरकतो. कल्पना आकर्षक आहे. पण तीच ऊर्जा घातली की इतर काही निरीक्षणं बिघडतात, म्हणून माझा कल अजून तरी 'थांबा आणि पाहा' याच बाजूला आहे.

यातून सुटायची एक वाट मला फार आवडते. १७ ऑगस्ट २०१७ रोजी दोन न्यूट्रॉन ताऱ्यांच्या, म्हणजे मोठे तारे फुटल्यावर उरणाऱ्या अतिदाट गोळ्यांच्या, टकरीतून निघालेल्या गुरुत्वीय लहरी आणि प्रकाश दोन्ही टिपले गेले. लहरींच्या आकारावरून अंतर थेट कळतं आणि प्रकाशावरून वेग; मध्ये शिडी नाही आणि बालविश्वही नाही. त्या एका घटनेवरून आकडा आला सुमारे ७०, पण अनिश्चितता इतकी मोठी, की ६७ आणि ७३ दोन्ही तिच्यात आरामात बसतात. अशा टकरी पुरेशा संख्येने सापडल्या, तर निवाडा होऊ शकेल.

आता विश्वाच्या टोकावरून अणुकेंद्रात या. न्यूट्रॉन केंद्रात असतो तोवर बहुधा टिकून असतो, पण मोकळा सुटला की पाव तासाच्या आतबाहेर मोडतो आणि त्याचा प्रोटॉन, इलेक्ट्रॉन व प्रतिन्यूट्रिनो होतो. त्याचं सरासरी आयुष्य दोन तऱ्हांनी मोजतात. बाटलीच्या पद्धतीत अतिशय थंड, संथ न्यूट्रॉन कोंडून ठेवतात आणि काही वेळाने किती उरले ते मोजतात. लॉस ॲलॅमॉसच्या प्रयोगात २०२१मध्ये उत्तर आलं ८७७.७५ सेकंद. झोताच्या पद्धतीत न्यूट्रॉनचा झोत सोडून वाटेत किती प्रोटॉन जन्मले ते मोजतात. त्या रीतीने २०१३मध्ये अमेरिकेत आलेलं उत्तर ८८७.७ सेकंद. दहा सेकंदांची तफावत.

ही तफावत कोणत्या बाजूला आहे, तेही पाहण्यासारखं आहे. बाटलीवाला मेलेल्यांची गणती करत नाही, तो उरलेले मोजतो. झोतवाला फक्त प्रोटॉन मागे ठेवून गेलेल्यांची नोंद घेतो. आता समजा, शंभरातला एखादा न्यूट्रॉन प्रोटॉन न होता भलतंच काही, आपल्याला न दिसणारं, होत असेल. बाटलीत तो कमी झालेला दिसेल, झोतात त्याची नोंदच होणार नाही, आणि झोतवाल्याचं आयुर्मान जास्त येईल. अगदी तसंच येतं आहे. बार्टोझ फोर्नल आणि बेंजामिन ग्रिनस्टाइन यांनी २०१८मध्ये हीच शक्यता मांडली, की न्यूट्रॉनचा एक छोटा वाटा कृष्णद्रव्याच्या, म्हणजे न दिसणाऱ्या, फक्त गुरुत्वाकर्षणाने जाणवणाऱ्या द्रव्याच्या, कणात जात असावा. कल्पना वाचून अंगावर काटा येतो. पण तिचीही शहानिशा झाली. असं होताना ठरावीक ऊर्जेचे गॅमा किरण निघायला हवेत, ते शोधले आणि सापडले नाहीत. शिवाय न्यूट्रॉन ताऱ्यांना आतून तोलून धरणारा दाबही या वाटेने कमी झाला असता आणि सूर्याच्या दुप्पट वस्तुमानाचे न्यूट्रॉन तारे टिकणं अवघड झालं असतं; ते तर आकाशात आहेत. जपानमधल्या जे-पार्क इथल्या प्रयोगात झोतच वापरतात, पण प्रोटॉनऐवजी इलेक्ट्रॉन मोजतात. तिथलं अलीकडचं उत्तर बाटलीच्या बाजूला झुकलं आहे. मला वाटतं, जुन्या झोतप्रयोगात काही प्रोटॉन निसटत असावेत. पण कुठे आणि कसे, हे दाखवून दिल्याशिवाय फाइल बंद करता येत नाही. महास्फोटानंतरच्या पहिल्या काही मिनिटांत किती हेलियम तयार झाला, याचा हिशोब याच आकड्यावर उभा आहे.

प्रोटॉनच्या आकाराची गोष्ट मात्र जवळपास सुटली आहे. त्याची त्रिज्या ०.८७७ फेम्टोमीटर मानत असत (एक फेम्टोमीटर म्हणजे मिलिमीटरचा एक लाख कोटीवा भाग). २०१०मध्ये स्वित्झर्लंडमध्ये रँडॉल्फ पोल यांच्या गटाने हायड्रोजनमधला इलेक्ट्रॉन काढून त्या जागी म्युऑन बसवला. म्युऑन इलेक्ट्रॉनच्या २०७ पट जड, त्यामुळे तो प्रोटॉनच्या फार जवळ राहतो आणि प्रोटॉनचा आकार त्याला अधिक जाणवतो. उत्तर आलं ०.८४२. चार टक्के लहान! म्युऑनला लागू होणारं एखादं नवं बल आहे की काय, अशी चर्चा सुरू झाली. मग साध्या, इलेक्ट्रॉनवाल्या हायड्रोजनवर नव्याने, जास्त काटेकोर प्रयोग झाले आणि त्यांतल्या बहुतेकांनी लहान आकड्यालाच कौल दिला. नवं बल मिळालं नाही. जुनी मोजमापं एका बाजूला कलली होती, एवढंच.

असा शेवट निराशाजनक वाटतो का? २०११च्या सप्टेंबरमध्ये ऑपेरा प्रयोगातल्या शास्त्रज्ञांनी जाहीर केलं, की जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेपासून इटलीतल्या ग्रान सास्सोपर्यंत ७३० किलोमीटर गेलेले न्यूट्रिनो नावाचे अतिहलके कण प्रकाशापेक्षा ६० अब्जांश सेकंद आधी पोहोचलेले दिसतात. चूक कुठे आहे हे त्यांना सापडत नव्हतं, म्हणून त्यांनी जगाला शोधायला सांगितलं. पुढे कळलं, की एका प्रकाशतंतूची जोडणी नीट बसलेली नव्हती. त्यांची थट्टा झाली, पण मला ते वागणं रॅले यांच्या पत्राच्या जातीचं वाटतं.

कारण याच्या उलट वागण्याचा धोका जास्त आहे. रॉबर्ट मिलिकन यांनी तेलाच्या थेंबांवरून काढलेला इलेक्ट्रॉनचा प्रभार थोडा कमी आला होता. हवेच्या चिकटपणाचा त्यांनी घेतलेला आकडा चुकीचा होता. नंतरच्या मोजणाऱ्यांनी खरा आकडा एकदम गाठला नाही, तो हळूहळू वर सरकत गेला. मोठ्या माणसाच्या उत्तरापेक्षा फार वेगळं आलं की लोक आपल्याच प्रयोगात खोट शोधत, जवळ आलं की शोध थांबवत. यावरचा उपाय म्हणून आज अनेक प्रयोग उत्तर स्वतःपासूनच लपवून ठेवतात. अमेरिकेतल्या फर्मीलॅबमधल्या म्युऑनच्या चुंबकत्वाच्या प्रयोगात मुख्य घड्याळाची नेमकी वारंवारता गटाबाहेरच्या दोघांनी बंद पाकिटात ठेवली होती. सगळं विश्लेषण पक्कं झाल्यावरच पाकीट फोडायचं. तोवर आपलं उत्तर सिद्धांताशी जुळतं की नाही, हे कुणालाच कळू शकत नव्हतं.

मंगळावरचा मिथेन हा वेगळ्याच जातीचा पेच. क्युरिऑसिटी ही गाडी २०१२पासून गेल विवरात आहे. तिच्या यंत्राला हवेत अब्जात अर्धा भाग या प्रमाणात मिथेन दिसतो, तो ऋतूंबरोबर कमीजास्त होतो, आणि २०१९मध्ये एकदा तर तो अब्जात २१ भागांपर्यंत उसळला. त्याच मंगळाभोवती फिरणारं युरोप आणि रशियाचं ट्रेस गॅस ऑर्बिटर हे यान इतकं संवेदनशील आहे, की त्याला याच्या दहाव्या हिश्श्याहून कमी मिथेनही कळावा. त्याला काहीच दिसत नाही. पृथ्वीवरचा बहुतेक मिथेन सजीवांपासून येतो, म्हणून या भांडणाकडे सगळ्यांचे डोळे लागले आहेत. पण बारकाईने पाहिलं, तर दोघं एकच गोष्ट मोजत नाहीत. गाडी बहुतेकदा रात्री, जमिनीलगत मोजते. यान सूर्यप्रकाशात, जमिनीपासून काही किलोमीटर उंचीवरची हवा पाहते. रात्री हवा स्थिर असते, जमिनीतून झिरपलेला वायू तळाशी साठतो आणि दिवसा ढवळून पातळ होतो, असं असेल का? गाडीने मुद्दाम दिवसा मोजून पाहिलं, तेव्हा तिलाही मिथेन जवळजवळ दिसला नाही. इथवर ठीक. पण मिथेन सूर्यप्रकाशात मोडायला सुमारे तीनशे वर्षं लागतात. रोज रात्री थोडा थोडा झिरपत असेल, तर तो एव्हाना सगळीकडे साठायला हवा होता. तेव्हा एक तर मंगळावर मिथेन झपाट्याने नष्ट करणारं काहीतरी आहे, नाहीतर हा मिथेन फार थोड्या जागीच निघतो, किंवा तो गाडीनेच पृथ्वीवरून बरोबर नेला आहे. ही शेवटची शंका जाणकारांनी गंभीरपणे घेतलेली आहे.

शेवटचं उदाहरण आपल्या डोक्यातलं. जन्मानंतर मेंदूत नव्या चेतापेशी तयार होत नाहीत, असं शंभर वर्षांपूर्वी पक्कं मानत. पुढे उंदरांत, मग इतर प्राण्यांत त्या तयार होताना दिसल्या. स्मरणशक्तीशी निगडित हिप्पोकॅम्पस या भागात माणसातही तसं होतं का? २०१३मध्ये स्वीडनमधल्या योनास फ्रिसेन यांच्या गटाने या पेशींचं वय अणुबॉम्बवरून काढलं. १९५० आणि ६०च्या दशकांतल्या उघड्यावरच्या अणुचाचण्यांनी हवेतला कार्बन-१४ जवळपास दुप्पट झाला आणि चाचण्या थांबल्यावर तो उतरत गेला. पेशी जन्मते तेव्हा तिच्या डीएनएमध्ये त्या वर्षीच्या हवेतलं प्रमाण कोरलं जातं आणि पुढे बदलत नाही. म्हणजे प्रत्येक पेशीवर जन्मसालाचा शिक्का. त्यावरून हिशोब आला, की प्रौढ माणसाच्या प्रत्येक बाजूच्या हिप्पोकॅम्पसमध्ये रोज सुमारे सातशे नव्या चेतापेशी तयार होतात.

२०१८च्या मार्चमध्ये 'नेचर'मध्ये नेमकं उलट छापून आलं. कोवळ्या चेतापेशींत असणाऱ्या डबलकॉर्टिन या प्रथिनाला रंग देऊन त्या गटाने मेंदूचे नमुने पाहिले. बालपणातच या पेशी झपाट्याने घटतात, तेरा वर्षांच्या नमुन्यात त्या अगदी तुरळक, आणि प्रौढांत एकही नाही. पुढच्याच महिन्यात न्यूयॉर्कमधल्या दुसऱ्या गटाने ७९ वर्षांपर्यंतच्या माणसांत त्या हजारोंनी असल्याचं मांडलं. प्राणी एकच, अवयव एकच, जवळपास तेच रंग.

खोट कुठे असू शकते? माणूस गेल्यावर मेंदू रसायनात बुडवेपर्यंत किती तास गेले, आणि तो त्यात किती दिवस राहिला, यावर बरंच ठरतं. माद्रिदमधल्या मारिया योरेन्स-मार्टिन यांच्या गटाने २०१९मध्ये दाखवलं, की नमुना रसायनात जास्त वेळ राहिला तर डबलकॉर्टिनची खूण फिकी होत जाते. वेळ काटेकोर पाळली, तर वृद्धांतही या पेशी भरपूर दिसतात. विरोधकांचं म्हणणंही पोकळ नव्हतं. माणसात हे प्रथिन कोवळ्या नसलेल्या पेशींतही सापडतं, त्यामुळे रंग लागला म्हणजे पेशी नवीच असं म्हणता येत नाही. इथे मोजपट्टी आखूड आहे की लांब, हेच ठरत नव्हतं.

२०२५मध्ये फ्रिसेन यांचा गट वेगळी पट्टी घेऊन आला. त्यांनी एका खुणेवर न विसंबता एकेका पेशीकेंद्रकात कोणकोणती जनुकं चालू आहेत, ते वाचलं. बाळापासून ७८ वर्षांपर्यंतच्या मेंदूंत त्यांनी विभागण्याच्या तयारीतल्या, चेतापेशींना जन्म देणाऱ्या मूळ पेशी शोधल्या आणि त्या प्रौढांतही सापडल्या. पण सगळ्यांत नाही. काही प्रौढांत त्या पुष्कळ होत्या, काहींत जवळजवळ नव्हत्याच. माणसामाणसांत एवढं अंतर असेल, तर मूठभर मेंदू पाहणाऱ्या दोन गटांची उत्तरं वेगळी येणं अशक्य नाही. त्यामुळे प्रश्नच बदलला आहे. या पेशी कुणात राहतात, कुणात संपतात, आणि राहिल्याच तर स्मरणाला त्यांचा काही उपयोग होतो का, हे आता शोधायचं आहे. आणि तिथे अडचण अशी, की जिवंत, निरोगी माणसाच्या मेंदूत या पेशी दाखवू शकेल असं यंत्र अजून नाही. एखाद्याची स्मरणशक्ती आज तपासता येते, पण त्याच्या नव्या पेशी मोजायला बहुतेक वेळा त्याच्या मृत्यूची वाट पाहावी लागते.